हारापुरते गुलाब

मी मूळची साखऱ्याची, ताई. सेनगाव तालुक्यातलं साखरा. तवा आमचा जिल्हा परभणीच होता, हिंगोली मागून झाली. आमच्या माहेरी पाण्याचं काय सांगू तुम्हाला, पाऊस पडला तं पडला, न्हाईतर उन्हाळाभर डोक्यावर घागर आन् पायाखाली तापलेला रस्ता, विहिरीच्या बुडाला जे असंल ते वाटीवाटीनं भरायचं, आन् घरी आणलं की माय त्याच्यावर डोळा ठेवून बसायची, भांडे धुतलेलं पाणी बी फेकू द्यायची न्हाई, ते म्हशीला. असल्या घरात फुलझाड कोण लावणार? अंगणात एक लिंबाचं झाड होतं, ते बी त्याच्या त्याच्या हिमतीवर वाढलेलं. गुलाब म्या पहिल्यांदा जवळून पाहिला तो माझ्याच लग्नात. हार सगळा झेंडूचा, मधी एकच गुलाब, तो बी उन्हानं मान टाकलेला, आन् मी खाली मान घालून बसलेली, तं दुसरं पहायला होतंच काय? बुद्धवंदना चालू होती आन् माझं सगळं ध्यान त्या फुलात. मावशी मागून चिमटे काढू काढू म्हणे, हात जोड, गया, हात जोड.

दिली मला इथं डोंगरकड्याला. आता तुमी येता येता पाहिलंच असंल, जिकडं पाहावं तिकडं केळी. माझा बाप लग्न ठरवून आला तवा घरात पाय ठेवायच्या आधीच म्हणला, पोरीचं नशीब उघडलं, तिथं विहिरीला उन्हाळ्यात बी पाणी हाय. नवरा कसा हाय ते मायनं इचारलं तवा सांगितलं. खोटं न्हाई, पहिले आठ-पंधरा दिवस मी काम न्हाई, नुसती पाण्याकडं पाहत होते. मोटर चालू झाली की पाट भरून पाणी यायचं, मी पाय सोडून बसायची, आन् आमचे मालक म्हणायचे, अगं ऊठ, पाणी कुठं पळून नाही चाललं. त्यांना काय माहीत, आमच्याकडं पळूनच जात होतं ते.

आमच्या घरची जमीन लई न्हाई. विहिरीजवळचा काळ्या मातीचा तुकडा, त्याच्यात केळी, आन् रस्त्याच्या कडेला मुरमाची एक पट्टी, त्याच्यात काहीच येत न्हाई, दगड येतेत. गुलाबाचं येड मला लागलं ते नणंदेमुळं. माझी नणंद नांदेडला राहती, तिच्या दारात देशी गुलाब होता, फिक्का गुलाबी, लहान फूल, पण वास असा की माणूस रस्त्यानं चाललेला थांबंल. तिनं झाड छाटलं, काड्या फेकून देऊन राहिली, म्या म्हणलं, फेकू नका, मला द्या. ओल्या पोत्यात गुंडाळल्या आन् एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरच्या हाताला काटा लागला, तो म्हणे, बाई, हे काय जनावर घेऊन चाललात? शेजारची बाई तं उठून पुढच्या सीटवर गेली. मला बरंच झालं, काड्यांना ऐसपैस जागा झाली.

आता त्या काड्या लावायच्या कुठं? मी साखऱ्याची पोरगी, मला काय वाटंल? जिथं पाणी जास्ती, जिथं सावली गार, तिथंच झाड सुखी. मंग म्या निवडून निवडून जागा काढली, विहिरीच्या बाजूला, दोन्हीकडून केळी, मधी गार गार, उन्हाचं तोंड न्हाई, वाऱ्याचं नाव न्हाई. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, त्या म्हणल्या, एवढ्या चांगल्या जागेत कोणी काटे लावते का? मालक काही बोलले न्हाईत. तवा नवीन लग्न होतं ना, तवा न्हाई बोलत.

झाडं लागली. उन्हाळ्यात, हिवाळ्यात अशी फुलायची की टोपलं पुरायचं न्हाई. मी फुलं इकायला स्टँडवर बसायला लागले, बाजाराच्या दिवशी तं हटकून. फूल कोणाला लागत न्हाई सांगा? देवळात लागते, दर्ग्यात लागते, विहारात लागते, जयंतीला लागते, साहेब आला तं लागते, आन् माणूस गेला तरी लागते. आमच्या वस्तीतल्या पोरींचे लग्नाचे हार माझ्याच हातचे. माझी पोरगी संगी, ती माझ्या मांडीला लागून बसायची, सुई-दोरा घेऊन, तिच्या बोटाला काटा लागला तरी रडायची न्हाई, बोट तोंडात घालायची आन् पुढचं फूल उचलायची.

पण पाऊस आला की माझं तोंड उतरायचं. पाऊस म्हणजे सरसर आला आन् गेला तसा न्हाई, झड. झड लागली की कळ्यांचं काहीतरी होऊन जायचं. कळी यायची, चांगली टपोरी व्हायची, गुलाबी रंग दिसायचा, आज उमलंल, उद्या उमलंल म्हणून मी पाहून राहिले, आन् ती तशीच. वरची पाकळी भिजून भिजून खालच्या पाकळीला चिटकायची, कागद कसा भिजून चिटकतो तशी, मंग जरासं ऊन पडलं की ते चिटकलेलं वाळून कडक, तपकिरी. आतमधी फूल जित्तं, पण बाहेर यायला रस्ता न्हाई. चार दिवसांनी आतल्या आत सडायचं आन् मान टाकायचं. आमी तिला मुकी कळी म्हणायचो. आख्खं झाड कळ्यांनी भरलेलं आन् एक फूल तोडायला न्हाई, ह्याची तकलीफ ज्याला झाली त्यालाच कळंल.

लोकं काय काय सांगायचे. कोणी म्हणे नजर लागली, मिरच्या उतरवा. आत्या म्हणल्या, झाडाला कसली नजर, मिरच्या भाजीत घाला. दुकानवाल्यानं एक भुकटी दिली, ती मारली, तिचा वास असा की गुलाबाचा बी वास गेला. मालक म्हणाले, पाणी कमी पडत असंल. भर पावसात पाणी कमी! पण माझं डोकं बी त्यांच्यासारखंच, मी खरंच पाट फोडून आणखी पाणी सोडलं. तुमी हसता, पण मला तवा दुसरं काही सुचायचंच न्हाई. माणूस असो का झाड, कोमेजलं की पाणी द्यायचं, एवढंच मी मायच्या घरून शिकून आले होते.

असे किती पावसाळे गेले. मंग मालकांचं मन केळीकडं झुकलं. सगळे जण रान वाढवून राहिले, ट्रका भरून माल चालला, आन् आपल्या विहिरीजवळची काळी माती काट्यांनी अडवून ठेवली. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, यंदा ते गुलाब काढतो, तिथं केळी लावतो. म्या म्हणलं, त्या गुलाबानं तुमचं काय खाल्लं? ते म्हणले, जागा खाल्ली. आठ महिने फुललं तरी पावसाळ्यात नुसतं पाहत बसा, तुला तरी काय सुख हाय त्याचं? खरंच बोलून राहिले होते. पण मला लई लागलं, ताई. सासरी आल्यावर सगळं ह्यांचं होतं, विहीर ह्यांची, केळी ह्यांची, म्हैस बी ह्यांची. ते गुलाब तेवढे माझे होते.

त्याच साली संगीचं लग्न जमलं. जावई फौजेत. त्याला सुट्टी भेटली ती नेमकी भर पावसात. लोकं म्हणे, श्रावणात काहून लगीन? म्या म्हणलं, आपल्याला मुहूर्त पाहायचा न्हाई, पोराची सुट्टी पाहायची हाय. सगळं ठरलं, आन् संगी म्हणती, माय, हार आपल्याच गुलाबाचे पायजे, बाजारचा हार मी गळ्यात घालणार न्हाई. म्या म्हणलं, अगं पाऊस हाय, मुक्या कळ्या राहतेत. ती म्हणे, गावातल्या सगळ्या पोरींना तुझ्या हातचे हार घातलेस, मलाच काहून न्हाई?

मालक तिथंच बसले होते. मला काय झालं काय माहीत, म्या त्यांच्याकडं वळून म्हणलं, पोरीच्या हारापुरते फुलले तं राहू द्याल का गुलाब? त्यांनी पोरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आन् म्हणले, बरं. हारापुरते फुलू दे, मंग पाहू. आता मंग पाहू म्हणजे व्हय का न्हाई, ते त्यांना बी ठाऊक नसंल. पण मी ते व्हयच धरलं.

आन् लग्नाच्या हप्त्यातच झड लागली. मी येड्यासारखी जुने लुगडे, मालकांचं धोतर, खताच्या पिशव्या, जे हाती लागलं ते गुलाबावर ताणून बांधलं, वर मांडव, बाजूला केळी. शेजारणी म्हणल्या, गयाबाई, पोरीचं लगीन हाय का गुलाबाचं? दुसऱ्या दिवशी कापड उचलून पाहिलं तं आत भट्टीसारखा उबारा, आन् होत्या त्याच्यापेक्षा जास्ती कळ्या चिटकलेल्या. मी तिथंच चिखलात बसले आन् रडले. पोरीच्या लग्नात माय हसत फिरती, मी केळीत बसून रडून राहिले.

त्याच दिवशी मला बंजाऱ्यांच्या तांड्यावर जायचं होतं, जमनाबाईला लग्नाचं सांगायला. जमनाबाई आमच्या केळीत कामाला यायची, तिचं माझं बहिणीसारखं. तांडा गावाबाहेर माळावर, तिथं माती म्हणून न्हाई, नुसता मुरूम आन् वारा, छत्री उलटी होते. तिच्या दारात गेले आन् पाहते तं गुलाब. माझाच गुलाब, तोच फिक्का रंग, आन् त्या झडीत चांगली पाच-सहा फुलं उघडलेली. म्या म्हणलं, जमनाबाई, हे कुठून आणलं? ती म्हणे, तुमीच तं काडी दिली होती छाटताना, विसरल्या का? म्या म्हणलं, ह्याला तू काय घालतीस? ती म्हणे, काय घालू, बकरीनं दोनदा खाल्लं, तरी येते. पाणी? पाणी मलाच प्यायला लांबून आणावं लागते, ह्याला कुठून देऊ?

तिच्या झाडावर बी एक कळी होती चिटकलेली, वरून तपकिरी. तिनं बोलता बोलता ती तोडली, वरचं टरफल दोन बोटांनी असं अलगद काढून टाकलं, लसूण सोलावा तसं, आन् फुंकर मारून नातीच्या केसात खोवली. मी पाहून राहिले आन् ती कळी त्या लेकराच्या डोक्यावर हळूहळू उघडून राहिली. आत फूल होतंच, ताई. मलाच कवा सुचलं न्हाई. मला वाटायचं चिटकलेली पाकळी ओढली तं फूल मरंल, म्हणून मी हातच लावायची न्हाई, नुसती पाणी घालायची. जमनाबाई म्हणे, तुमी त्याचे लई लाड केले गयाबाई, ह्याला मोकळं सोडा, वारा लागू द्या.

मी पावसातच पळत आले. गुलाबावरचा मांडव सगळा फाडून काढला, झाडं गदागदा हलवली, पाणी झटकलं. लग्नाच्या दिवशी सकाळी जेवढ्या टपोऱ्या कळ्या होत्या तेवढ्या तोडून आणल्या आन् ओसरीवर पाटीत टाकल्या. जमनाबाई आली, ती तिची ओढणी आरशाच्या काचांसकट खोचून बसली, वस्तीतल्या बाया बसल्या, नणंद बसली. पहिल्या पहिल्या सगळ्या फिसकटल्या, कोणी बुडापासून ओढली तं आख्खं फूल हातात विस्कटलं. मंग हात बसला. वरची एक, लई झालं तं दोन पाकळ्या, बाजूनं उचलायची, बुडाला धक्का न्हाई लावायचा, आन् हलकीशी फुंकर. लग्नघरात बाया गाणे म्हणतेत, आमच्याकडं सगळ्या फू फू करून राहिल्या. पाहुण्यांमधली एक म्हातारी म्हणे, तुमच्या गावात ही काय नवीन रीत हाय का? जमनाबाई म्हणे, व्हय, आमच्यात पोरीला असंच फुंकून देतेत. सगळ्या हसू हसू लोळल्या.

हार झाले. दोन. तिसऱ्याला फूल उरलं न्हाई. खरं सांगते, फुलं लहान होती, वरच्या पाकळ्या काढल्यामुळं जरा उघडीबोडकी दिसायची, मधी मधी कुठं डाग. बाजारचा हार ह्याच्याहून देखणा असता. विहारापुढं मांडव, वरून बारीक पाऊस, पोरगी पांढऱ्या साडीत उभी, वंदना झाली, पंचशील झालं, आन् मंग हार घालायची वेळ आली. संगीनं हार हातात घेतला, आधी वास घेतला. जावयानं मान वाकवली. मी मालकांकडं पाहिलं. ते हाराकडं पाहून राहिले होते आन् डोळे पुसून राहिले होते. आता ते पोरीसाठी पुसले का पावसानं ओले झाले, म्या इचारलं न्हाई.

पोरगी गेली, घर रिकामं झालं. गुलाबाची गोष्ट ना त्यांनी काढली ना म्या काढली. हारापुरते फुलले होते, आता त्यांचा शब्द होता, मी कशाला आठवण देऊ? दिवाळी झाली, थंडी पडली. एक दिवस सकाळी मी म्हैस सोडायला गेले तं विहिरीजवळून कुदळीचा आवाज. पाहते तं मालक गुलाब खणून राहिले. मला काय वाटलं असंल? तशीच घरी आले, चूल पेटवली न्हाई, भाकर टाकली न्हाई, आत्या म्हणल्या, काय झालं गं? म्या म्हणलं, काही न्हाई, डोकं दुखते. एवढे वर्षं ह्या माणसासोबत काढले आन् ह्यानं दिलेला शब्द असा फिरवला, माझ्या मनात दुसरं काहीच येऊन न्हाई राहिलं.

दुपार झाली, माणूस जेवायला न्हाई आला. आत्या म्हणल्या, जा, पाहून तरी ये. गेले रागारागात. विहिरीजवळ नुसते खड्डे. माणूस न्हाई, झाडं बी न्हाईत. रस्त्याकडं पाहिलं तं मुरमाच्या पट्टीत मालक वाकलेले. एकेक झाड मातीच्या गड्ड्यासकट उचलून, पोत्यात बांधून, पाठीवर घालून तिकडं नेलेलं. हाताला, पाठीला काटे लागून रक्त निघालेलं. म्या म्हणलं, अवो, हे काय करून राहिले? वर न पाहता म्हणले, तांड्यावर जाऊन आलो, जमनाबाईचं झाड पाहिलं. ह्यांना इथं वारा लागंल. केळीला ती जागा, ह्यांना ही. आन् तिथं काय उभी राहिलीस, पाणी आण, पण जास्ती आणू नको.

मी पाणी आणलं, भाकर बी आणली. दोघांनी मुरमात बसून खाल्ली. काही झाडं मेली, बरीच जगली. पहिला पावसाळा मी जीव मुठीत धरून होते. पण फुलली, ताई. सगळ्या कळ्या उमलतेत असं न्हाई, झड लई दिवस चालली तं आजबी काही मुक्या राहतेतच, पाऊस कोणाला सोडत न्हाई. पण झाड वाऱ्यावर हाय, पाणी निथळून जाते, ऊन पडलं की कोरडं होते. राहिलेल्या मी सोलते. आता गावातल्या दुसऱ्या बाया बी सोलतेत, कोणी इचारलं तं सांगतेत, गयाबाईची रीत. मी म्हणते, बाई, माझी न्हाई, जमनाबाईची हाय, पण कोण ऐकते.

संगीला आता एक लेकरू हाय, जावई लांब तिकडं बर्फात हाय, फोन येत राहतो. आत्या गेल्या. आमचं चांगलं चाललंय, तक्रार न्हाई. मालक थकले, गुडघे दुखतेत, केळीचं आता पुतण्या पाहतो. त्यांनी आजपर्यंत गुलाब चांगला म्हणून एकदा बी तोंडातून काढलं न्हाई, आन् मी बी वाट पाहायचं सोडून दिलं. आज सकाळी पाऊस उघडला तं हे काठी घेऊन निघाले. म्या म्हणलं, कुठं चालले एवढ्या चिखलात? म्हणले, झाडं हलवून येतो, पाणी बसलं असंल कळ्यात. लई वेळानं आले, सगळे ओलेचिंब, धोतराला काटे. माझ्यापुढं मूठ उघडली, त्याच्यात एक कळी, वरून चिटकलेली. म्हणले, हिला तूच सोल, माझी बोटं जाड झाली, फूल मोडंल माझ्यानं.

म्या सोलली. ती बघा, तिथं पाण्याच्या तांब्यात ठेवलीय, आता कुठं उघडून राहिली. जाताना घेऊन जा, ताई, तुमच्या घरी उमलू द्या.